त्या दिवशी कोण कोण गेलं नाही

लहानूजी,

तुम्ही गेल्याचं पोस्टकार्ड आलं, त्याचा कोपरा फाडलेला नव्हता. म्हणून मी ते उभ्यानेच वाचलं. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडायची आपल्याकडे रीत आहे. फाटका कोपरा दिसला की माणूस आधी खाली बसतो, मग वाचतो. साप्ताहिकाच्या कचेरीत रोजचं टपाल मीच फोडतो. बोटांना फाटकी कड लागली की एक अक्षरही वाचण्याआधी मी खुर्चीत बसतो; पत्र शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं असलं तरी बसतो. तुमच्या मनोहरने कोपरा शाबूत ठेवला होता. जुन्या रीती घराबाहेर काढल्या तेव्हा हीही निघाली असेल. 'बाबा मंगळवारी पहाटे वारले. कळावे.' एवढंच. मी कापसाच्या भावांचा कागद एका हातात धरून ते वाचलं, कार्ड उलटं करून पत्ता पाहिला, आणि मग खुर्ची शोधली.

माझ्या आजोळच्या गावात तुम्हाला सगळे लान्या म्हणत. सहा वर्षांचा मीही म्हणायचो, आणि चाळिशीला टेकलेले तुम्ही 'जी मालक' म्हणून उभे राहायचात. तुमच्या तोंडावर मी 'लहानूजी' म्हटलं ते फार उशिरा, यवतमाळच्या कचेरीत. तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलं होतं, दारातून दुसरं कोणी आलं की काय म्हणून.

गावात कोणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना खबर द्यायची, हे काम तुमच्या घराकडे होतं. तुमच्या बापाकडे होतं, त्याच्या बापाकडे होतं. मी तुम्हाला ते करताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आठ वर्षांचा होतो. आमचं गाव पांढरकवड्याजवळ, आजोळ झरी जामणीच्या बाजूला, मधे सहा कोसांची वाट आणि त्यातली बरीचशी जंगलातली. दुपारी तुम्ही आमच्या अंगणात आलात आणि गोठ्याच्या कडेला उभे राहिलात. आई तूर पाखडत होती. तुम्ही म्हणालात, "बाई, घरी चाला. मायची तब्येत जास्त झाली." आईने सूप हातातून टाकलं आणि हंबरडा फोडला. तुम्ही 'मेली' म्हणाला नव्हता. तुम्ही ते कधीच म्हणत नव्हता, तशी रीत नव्हती. बातमी वाक्यात नव्हतीच. तुमच्या येण्यात होती.

रडता रडताच आईने तुमच्या हातावर वरून भाकर टाकली. तुम्ही ती गोठ्यामागे खाल्ली आणि आमच्या गाडीच्या पुढे पायी चालत सहा कोस परत गेलात. बसा, असं तुम्हाला कोणी म्हटलं नाही. म्हणायचं असतं हेही त्या दिवशी आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

छप्पनच्या दसऱ्याला तुम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात. तुमच्याबरोबर गावातली आणखी अकरा घरं होती. परत आल्यावर तुम्ही चावडीवर तीन गोष्टी सांगितल्या: मेलेलं ढोर ओढणार नाही, गावासाठी डफ वाजवणार नाही, मरणाची खबर नेणार नाही. ढोरांवरून आरडाओरडा झाला, मारामारीपर्यंत आलं. डफावरून टोमणे झाले. खबरीबद्दल कोणी काही बोललं नाही. पुढच्या दीड वर्षात गावात जी मरणं झाली, त्यांचे सोयरे गावातच होते. ती गोष्ट सगळे विसरून गेले. आजोबा वारले त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी मी यवतमाळला होतो. जे लिहितो आहे ते नंतर विचारून गोळा केलेलं आहे, आणि प्रत्येक गोष्ट दोन माणसांकडून पडताळलेली आहे.

वैशाख होता. आजोबा पहाटे गेले. बायकांनी गळा काढला तो गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला. मामाने अंगणात सतरंज्या टाकल्या, माणसं जमली, आणि सगळे आईची वाट पाहत बसले. कोणी तुम्हाला निरोप पाठवला नाही, कारण निरोप कधीच पाठवावा लागत नसे. रडणं हाच निरोप होता. ते ऐकून लान्या काठी घेऊन निघतो, हे सूर्य उगवण्यासारखं होतं. चार तासांत पोचेल, तिथून गाडी जुंपतील, दुपार कलण्याच्या आत बाई येईल, असा हिशोब सगळ्यांच्या डोक्यात होता. दरम्यान सरपणासाठी दोन गाड्या जंगलात गेल्या. बाराच्या सुमारास कोणीतरी तुमच्या बौद्धपुऱ्याकडून आलं आणि म्हणालं, लान्या तर घरीच बसला आहे.

मामा तुमच्या दारात गेला. तुमची दोघांची बोलाचाली मी दोघांकडूनही ऐकली आहे आणि ती जवळजवळ जुळते.

"लान्या, बाप मेला माह्या."

"आयकलं जी. लई वाईट झालं."

"मंग काहून नाही गेला?"

"मी चावडीवर सांगतलं होतं, मालक. दीड वर्ष झालं."

"अरे ते सांगनं अलग. हे मरण आहे!"

"मरणाचंच सांगतलं होतं."

मामा शिव्या देऊन परत आला. तेव्हा बारा वाजून गेले होते. सहा कोस. अंगणात पन्नासेक माणसं होती, त्यांतली निदान तीस धडधाकट. कोणी उठलं नाही. वैशाखात प्रेत ठेवता येईना. दिवस मावळायला आजोबांना अग्नी दिला.

आईला तिसऱ्या दिवशी कळलं. पांढरकवड्याचा एक मनियार आमच्या दारी बांगड्या भरायला आला होता. आजोळच्या गावाहूनच तो येत होता. डाव्या हातात सहा बांगड्या चढवून झाल्यावर तो सहज म्हणाला, "बाई, आप के अब्बा बड़े नेक आदमी थे." त्याला वाटलं होतं, तिला माहीत आहे. आईने उजवा हात पुढे केलेला तसाच राहिला. त्या बिचाऱ्याने पेटी उचलली आणि एक पैसा न घेता पळ काढला. पुढे कित्येक महिने तो आमच्या गल्लीत फिरकला नाही.

मी घरी पोचलो तेव्हा आई एकच प्रश्न विचारत होती: "लान्या काहून नाही आला रे? मायच्या वक्ती आला होता ना." मी आजोळी गेलो, मामाशी बोललो, आणि यवतमाळला परतून बातमी लिहिली. सात ओळींची होती. त्यातलं एक वाक्य तुम्हाला पाठ होतं, मलाही आहे: 'खबर नेण्यास नवदीक्षितांनी नकार दिल्याने कन्येस पित्याचे अंत्यदर्शन घडले नाही.' वाक्यात एकही विशेषण नाही. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

ते कात्रण चावडीवर वाचलं गेलं. छापून आलं म्हणजे ठरलंच. त्या खरिपात तुमच्या बारा घरांतल्या एकालाही पेरणीच्या कामावर घेतलं नाही. चक्कीवाल्याने दळण परत केलं. तुमच्या पत्नी भागीरथाबाई जात्यावर दळू लागल्या, पण जात्यात घालायला ज्वारी लागते. मनोहर तेव्हा अठराचा होता. तो राजूरला कोळशाच्या खाणीत गेला. तुम्ही जंगलखात्याच्या कटाईवर गेलात, पन्नाशी उलटून गेल्यावर.

दिवाळीच्या आधी तुम्ही कचेरीत आलात. आत येऊन उभे राहिलात. मी खुर्ची पुढे केली, तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिलात आणि हसून म्हणालात, "एसटीनं आलो जी. तिकीट काढून. पयल्यांदा असा निघालो का कोनाची खबर नाही जवळ. तीनदा वाटलं का काही तरी सांगाचं आहे अन् मी इसरून राह्यलो."

मग तुम्ही कोटाच्या खिशातून कात्रण काढलं.

"हे तुमचं?"

"हो."

"मनोहरनं वाचून दाखोलं. चूक काही नाही याच्यात. पर हे बरोबरबी नाही."

मी विचारलं, काय बरोबर नाही. तुम्ही कात्रण टेबलावर ठेवलं, बोटाने सरळ केलं.

"कोन गेलं नाही, ते लिवलं तुमी. कोन कोन गेलं नाही, ते नाही लिवलं."

तुम्ही सावकाश सांगत गेलात. सरपणाच्या दोन गाड्या तुमच्या घरावरून गेल्या होत्या. दोन गाड्या, चार बैल, पाच माणसं. त्याच वाटेने. जंगलाच्या तोंडापर्यंत दीड कोस गेल्या, लाकडं भरली आणि परत फिरल्या. "तुमचं गाव तिथून साडेचार कोस. मी बसल्या बसल्या पाहून राह्यलो होतो. म्हन्लं, आता कोनी तरी उतरन, सरळ जाईन. गाड्या वापस आल्या. पाचच्या पाच."

"त्यांना सुचलं नसेल," मी म्हणालो.

"तेच तं म्हनतो ना मी. सुचलंच नाही! बाप तुमचा, लेक तुमची, गाडी तुमची, वाट तुमची. अन् कोनाले सुचत नाही."

त्यानंतर तुम्ही जे सांगितलं ते मी त्या वेळी टिपून घेतलं नाही. टिपायची गरज पडली नाही. पहाटे रडणं कानावर आलं आणि तुम्ही झोपेतून उठून, काठी घेऊन, गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत गेलात. कधी उठलात, कधी काठी घेतली, तुम्हाला ठाऊक नाही. मागून भागीरथाबाई ओरडल्या, "कुठं चाल्ले?" तेव्हा तुम्ही जागे झालात. परत आलात. पण बसवेना. रडण्याची प्रत्येक लाट आली की गुडघे आपोआप सरळ होत. शेवटी भागीरथाबाईंनी पुतण्याची वर्षाची पोर आणून तुमच्या मांडीवर झोपवली. "पोरीले उठवू नका म्हने. असा बसलो मी, संध्याकाळवरी. डोक्यानं दीक्षा घेतली होती जी. पायाईची राह्यली होती."

तुम्ही हसलात. मी हसलो नाही. मी वाद घातला, आणि तो वाद आपण पुढची सात वर्षं, भेटू तेव्हा, थोडाथोडा घातला. माझं म्हणणं होतं: गावाचा नोकर म्हणून नका जाऊ, पण माणूस म्हणून गेला असता तर? माझ्या आईसाठी? तिच्या लग्नात तिच्या गाडीपुढे तुम्हीच चालला होता.

"मी गेलो असतो तं अंगनात पाहून कोन म्हन्लं असतं, लहानू मानूस म्हनून आला? म्हन्ले असते, लान्या आला. चला, आला एकदाचा. तुमची मायबी हेच म्हन्ली असती. म्हन्ली असती का नाही?"

मी उत्तर दिलं नाही. पांढरकवड्याच्या बसस्टँडवर एकदा पुन्हा विषय निघाला तेव्हाही दिलं नाही. आज देतो: म्हणाली असती. भाकर वरूनच टाकली असती.

कचेरीतून निघताना तुम्ही काय मागितलं? दुरुस्ती छापा, असं म्हणाला नाहीत. "बाईले एवढं सांगा," म्हणालात, "का लान्या घरी होता, हे खरं आहे. अन् गाड्या दीड कोस आल्या होत्या, हेबी खरं आहे. दोन्ही सांगा. एक नका सांगू."

मी आजोळी जाऊन मामाला विचारलं. गाड्यांची गोष्ट त्याने लगेच कबूल केली. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नाही. "तू का नाही गेलास?" म्हटल्यावर तो खरोखर गोंधळला. "मी? मी खबर घेऊन जाऊ?" आणि हसला. "भल्तंच इचारतं गड्या." तो खोटं बोलत नव्हता. मामा वाईट माणूस नाही. आजोबांच्या शेवटच्या आजारात सहा महिने त्याने त्यांची घाण काढली. कमीपणा वाटून तो थांबला असता तर मला समजलं असतं. कमीपणापर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. ते काम त्याच्या पायांच्या यादीत नव्हतं, जसं ते तुमच्या पायांच्या यादीतून निघत नव्हतं. एकाच रडण्याने गावाच्या एका टोकाला एक माणूस झोपेत उठून चालू लागला आणि दुसऱ्या टोकाला तीस माणसं जागेपणी बसून राहिली. हे कोणी कोणाला शिकवलं होतं, याची नोंद कुठे नाही.

संपादकांना मी दुरुस्तीबद्दल विचारलं. ते म्हणाले, शिळं झालं. मला हायसं वाटलं. दुरुस्ती छापली असती तर मामाचं नाव आलं असतं, आणि आईचं माहेर म्हणजे आता एकटा मामाच होता. आईलाही सांगितलं नाही. दर दिवाळीला ती माहेरी जायची, मामा लुगडं द्यायचा, आणि परतताना ती बौद्धपुऱ्याकडे पाठ करून बसायची. मी शेजारी बसलेला असायचो. लहानूजी, सात वर्षं.

मधल्या काळात तुमच्याबद्दल गाव काय म्हणत होतं ते मी ऐकत होतो आणि तुम्ही गावाबद्दल काही म्हणत नव्हता. बहिष्कार दुसऱ्या वर्षी सैल पडला, कारण निंदणीला हात कमी पडू लागले. तुम्ही शेतात गेलात, पण चावडीवरून हाक आली की 'ओ' देईनासे झालात. हाक मारणाऱ्याला जवळ येऊन सांगावं लागे. त्याबद्दल गाव तुमच्यावर ढोरांपेक्षा जास्त चिडलं. मला मात्र तुम्ही 'जी' लावायचं कधी सोडलं नाही. एकदा मी म्हटलं, आता सोडा. तुम्ही म्हणालात, "सोडतो ना. तुमी पयले ते सांगा बाईले." तुम्ही हसतच म्हणाला होता. ते हसणं मला पटलं नव्हतं.

पोस्टकार्ड आलं त्याच संध्याकाळी मी घरी गेलो. आई भाजी निवडत होती. मी सांगितलं, लहानूजी वारले. तिने मान वर केली नाही. "गेला का," म्हणाली, "मले बापाचं तोंड पाहू नाही देल्लं त्यानं." मग मी दोन्ही सांगितलं. गाड्या, बैल, पाच माणसं, दीड कोस. मामा काय म्हणाला तेही. सगळं सांगायला पाच मिनिटं लागली नाहीत.

आई बराच वेळ मेथीची एकच काडी खुडत होती. मग म्हणाली, "तुले कधी कळलं हे?"

"त्याच वर्षी. दिवाळीच्या आधी."

"अन् आज सांगतं?" तिने काडी खाली ठेवली. "त्यानं खबर नाही आनली, त्याचा धरम बदलला होता. तुह्यं काय बदललं होतं रे? तुले तं खबरीचा पगार भेटते ना?"

आणि तीच पुढे म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं चाल."

आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. मामाचं घर वाटेवरच आहे. तो ओट्यावर होता, बहीण अवचित आली म्हणून आनंदाने उठला. आई अंगणात शिरली नाही. वाटेवरूनच विचारलं, "दादा, लाकडं कोन्त्या वाटेनं आनली होती?"

"कायची लाकडं?"

"बाबाची."

मामा आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग जमिनीकडे. आई पुढे चालू लागली.

तुमच्या दारात मनोहर होता. त्याने मला ओळखलं. आईला ओळखायला त्याला वेळ लागला, आणि ओळखल्यावर त्याचा चेहरा कडक झाला. भागीरथाबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन-चार बाया जवळ होत्या. आई थेट उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. तिचा उजवा पाय उचलला गेला आणि परत जमिनीवर आला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथेच.

"मले आत यायचं आहे," ती म्हणाली. "पाय येऊन नाही राह्यला माह्या. खोटं नाही बोलत मी, भागीरथा."

"मंग आल्या कायले?" मनोहर म्हणाला.

"तू चूप बस," भागीरथाबाई म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत, पुढे आल्या नाहीत, हात दिला नाही. "तुह्या बापाच्या मांडीवर पोर ठेवा लागली होती मले. पायाचं असंच असते. येईन तवा येईन, बाई. इथं कोनी ढकलत नाही तुमाले."

आईच्या कपाळावर घाम होता. तिने लुगड्याचा काठ मुठीत घट्ट धरला होता, नाल्याच्या पाण्यात उतरताना बायका धरतात तसा. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, आणि असं मला क्वचितच होतं. मग तिने पाय उचलला आणि आत टाकला. दुसरा त्याच्या मागून गेला. भागीरथाबाईंनी बाजूची चटई हाताने सरकवली. आई तिच्यावर बसली आणि मगच रडली. तुमच्यासाठी की तिच्या बापासाठी, ते मी तिला विचारलेलं नाही.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, आजूबाजूला पाहिलं आणि दाराकडे मान वळवली.

"अन् तू?" ती म्हणाली.

लहानूजी, मी अजून अंगणातच होतो. इतका वेळ मी फक्त तिचे पाय पाहत होतो.